मॅटाडोरची मधली सीट

"तुम्ही जावा, मी आठेच बरी शे."

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात गवार मोडता मोडता आई एवढेच बोलली. विषय कानबाईचा चालला होता. २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी आली होती. म्हणजे कानबाई ३ ऑगस्टच्या रविवारी. डिंडोलीतल्या आपल्या लोकांना हे गणित कुणी शिकवावे लागत नाही. नागपंचमीनंतरचा रविवार जवळ आला की नवागाम, लिंबायत, उधना, पांडेसरा इथल्या कितीतरी घरांना कुलपे लागतात आणि माणसे खान्देशच्या वाटेला लागतात.

जी मुले सुरतेतच जन्मली आणि कानबाईला कधी गावी गेलीच नाहीत, त्यांच्यासाठी दोन ओळी. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून कानबाईमाता चौरंगावर बसवतात. भाऊबंद एकत्र येतात, रोट होतात, रात्रभर गाणी म्हणत जागरण होते आणि सोमवारी सकाळी मिरवत नेऊन नदीवर विसर्जन. आमच्या साक्री तालुक्यातल्या घरी त्या रात्रीच्या गाण्यांना पुढे असते ती माझी आई. सगळी गाणी तिला तोंडपाठ आहेत, आणि तिच्याइतकी पाठ असलेले दुसरे कुणी आता राहिलेले नाही. माझ्या चुलत वहिन्या आईच्या मागून म्हणतात. आई गेली नाही तर त्या कुणाच्या मागून म्हणणार, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पण मी बोललो नाही.

कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते. २०२४ च्या दिवाळीनंतर ती न्हाणीघरात पडली, खुबा मोडला आणि सांधा बदलावा लागला. ऑपरेशन चांगले झाले. चालते, घरातले सगळे करते. पण बसण्याचे नियम आहेत. खोल, मऊ जागेवर बसायचे नाही. गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. लांबच्या प्रवासात तासाभराने उठून चार पावले चालायचे. मार्चमध्ये दादाच्या नव्या गाडीतून तिला बारडोलीला मावशीकडे नेले होते. गाडी सुंदर आहे, एसी आहे, पण सीट जमिनीलगत. बारडोलीला पोहोचल्यावर आईला बाहेर काढायला आम्ही दोघे भाऊ आणि मावशीचा मुलगा असे तिघे लागलो. शेजारचे लोक बघत होते. आईला दुखण्यापेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला. त्या दिवसापासून गाडीचे नाव काढले की ती विषय बदलते.

रेल्वेने जावे म्हटले तर कानबाईच्या दिवसांत उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. बसच्या पायऱ्या उंच. राहिली एकच गाडी, आमच्या सोसायटीच्या भिंतीला टेकून उभी असलेली आबांची मॅटाडोर.

ही मॅटाडोर १९८९ ची. आबा आणि दोन्ही काकांनी मिळून १९९६ मध्ये ती जुनीच विकत घेतली. तिघे भाऊ तेव्हा उधन्याच्या लूम कारखान्यांत कामाला. तीन कुटुंबे एका घरात राहत होती, म्हणून सगळ्यांना एकदम नेईल अशी गाडी. धंद्यासाठी नाही, घरासाठीच घेतली. लग्ने, बारशी, दहावे, कानबाई, सप्तशृंगीची यात्रा, सगळे तिच्यातून झाले. मला शाळेत असताना तिची लाज वाटायची. आज वाटते, आमच्या घरात तिच्याइतके काम कुणीच केले नाही.

मॅटाडोर हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की गावात कुठल्याही डबा-गाडीला मॅटाडोरच म्हणतात. तशीच गंमत टेम्पो या शब्दाची. टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या एका वाहन कंपनीचे नाव. त्या कंपनीशी करार करून १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. फिरोदिया मूळचे अहमदनगरचे, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले. आधी तीनचाकी गाड्या निघाल्या आणि लोक त्यांना टेम्पो म्हणू लागले. पुढे पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर आली. १९८७ मध्ये तिची धाकटी बहीण ट्रॅव्हलर आली आणि हळूहळू मॅटाडोर मागे पडली. २००५ मध्ये कंपनीचे नावही बदलून फोर्स मोटर्स झाले. कंपनीने नाव सोडले तरी मराठीने ते सोडले नाही. आजही दिवाळीला सामान न्यायचे तर आपण "टेम्पो सांगितलाय" असेच म्हणतो.

आमच्या कामाची गोष्ट वेगळीच होती. मॅटाडोरची ओढ पुढच्या चाकांना असते, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा खालून जात नाही. त्यामुळे तिचा तळ जमिनीपासून फार उंच नाही. एक पाट ठेवला की आई आत चढू शकते. आणि मधली सीट खुर्चीसारखी, पाय सरळ खाली सोडून बसण्याची. कागदावर सगळे जमत होते. प्रत्यक्षात मात्र त्या सीटवर बसले की मांडीखाली लोखंड लागायचे.

दादाला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. त्याचे म्हणणे गाडी भंगारात द्यावी. आबा २०२१ मध्ये गेले, त्यानंतर ती वर्षातून चार वेळाही बाहेर निघत नाही. २०२४ मध्ये आरसी पाच वर्षांनी वाढवली तेव्हा फीच ५,००० रुपये गेली. २०२२ च्या आधी हीच फी ६०० होती. वर विमा, पीयूसी, आणि सोसायटीत रोजची कुरबुर. मी म्हटले, "व्हिंटेज गाडी आहे, लोक जपतात." त्याने मोबाइलवर नियम काढून दाखवला. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांची हवी. "आपली छत्तीसची आहे. छत्तीसच्या गाडीला व्हिंटेज नाही, खटारा म्हणतात." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. शेवटी ठरले, कानबाईपर्यंत थांबायचे. आई गेली तर ठीक. नाही गेली तर श्रावणानंतर गाडी काढायची.

माझ्या हातात आठ रविवार होते.

पहिल्या रविवारी मधली सीट बाहेर काढण्यातच दिवस गेला. चार बोल्ट, चारही गंजलेले. दोन तेल सोडून निघाले, दोन कापावे लागले. सीट अंगणात आणून उलटी केली आणि रेक्झिनच्या कडा सोडवल्या. तुमच्यापैकी कुणी हे काम करणार असेल तर एक सांगतो. जुने कव्हर फाडून फेकू नका. शिवण उसवून प्रत्येक तुकडा सपाट करा, वर खडूने 'पुढचा', 'डावा', 'वरचा' असे लिहा. नवे कापड कापायला तोच फर्मा असतो. माझ्या हे नशिबाने लक्षात आले, कारण मी नोकरी करतो ती रिंग रोडवरच्या साडीच्या पेढीत आणि तिथे प्रत्येक तुकड्यावर खूण असल्याशिवाय काही हलत नाही.

रेक्झिनखाली फोमचा पातळ थर होता, तो हात लावला की पिवळी भुकटी होऊन पडायचा. त्याखाली काथ्या. काथ्याखाली गोणपाट आणि नागमोडी स्प्रिंगा, त्यातल्या दोन तुटलेल्या. काथ्याच्या पोटात आमच्या घराचा इतिहास सापडला. वाळून कडक झालेल्या अक्षता, एक काळी पिन, ज्वारीचे दाणे, आणि चार आण्यांची तीन नाणी. माझ्या पुतणीने विचारले, "काका, हे कसले पैसे?" चार आणे २०११ मध्ये बंद झाले, ती त्यानंतर जन्मलेली. तिने ती धुऊन कंपासपेटीत ठेवली.

आणखी एक गोष्ट सापडली. काथ्या झटकला तशी करड्या रंगाची बारीक, पिठासारखी माती पडू लागली. एवढी की फरशीवर ढीग झाला. मला वाटले रस्त्याची धूळ. दुसऱ्या दिवशी सीटची चौकट घेऊन उधन्याला गादी-सीटवाल्या चाचांकडे गेलो. ते चाळीस वर्षे हेच काम करतात. त्यांनी काथ्यातली माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "आ तो रेलनी माटी छे."

सुरतेत पुराला रेल म्हणतात. आणि मग मला सगळे आठवले. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला, उकाईचे पाणी शहरात शिरले, तेव्हा मॅटाडोर ब्रेकच्या कामासाठी अडाजणच्या एका गॅरेजमध्ये होती. पाणी ओसरल्यावर आबा आणि काका ती ओढत घेऊन आले. आबांनी सीटा गच्चीवर टाकून दहा-बारा दिवस वाळवल्या होत्या. त्यावेळी घरात नवीन सीटांना पैसे नव्हते, त्यांनी वरून पुसून त्याच बसवल्या. दर पावसाळ्यात गाडीत कुबट वास यायचा आणि आम्ही पोरे नाक दाबायचो, त्याचे कारण एकोणीस वर्षांनी कळले. पूर ओसरला, पण थोडी तापी आमच्या सीटखालीच राहिली होती. आम्ही इतकी वर्षे तिच्यावर बसूनच खान्देशात जात-येत होतो, आणि ती माती तिकडूनच वाहत आलेली.

आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "फेकू नको, तुळशीत टाक." टाकली.

आता माझी चूक सांगतो. चाचांनी चौकट ठेवून घेतली, तुटलेल्या स्प्रिंगा बदलल्या, गंज घासून रेड ऑक्साईड मारून दिले. पुढचे काम मी करतो म्हणालो. पैसे वाचवायचे होते, शिवाय व्हिडिओ बघून मला वाटत होते की यात काय एवढे. सोफ्याच्या दुकानातून चार इंची फोम आणला. बोट दाबले की आत जाईल असा, लोण्यासारखा मऊ. आईसाठी मऊच हवे, यात मला शंकाच नव्हती. फेव्हिकॉल एसआर लावून चिकटवला, वरून तात्पुरते कापड ताणले. दिसायला नवीकोरी सीट. जुलैच्या पहिल्या रविवारी आईला बसवून पलसाण्यापर्यंत फेरी मारायचे ठरले.

चलथाणच्या पुढे गेलो नाही तोच आईने खांद्यावर हात ठेवला. आरशात पाहिले तर चेहरा उतरलेला. गाडी बाजूला घेतली. ती फोममध्ये रुतून बसली होती, गुडघे वर, कंबर खाली, अगदी दादाच्या गाडीत बसली होती तशीच. उलट जास्त वाईट, कारण खड्ड्यात फोम दाबला जाऊन खालची स्प्रिंग खुब्याला लागत होती. तिला उतरवायला मी आणि एक रिक्षावाला असे दोघे लागलो. परतीच्या वाटेवर ती पुढे, आबांच्या शेजारच्या सीटवर एका कुल्ल्यावर बसून आली. एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर गोळी घेऊन झोपली.

रात्री दादा म्हणाला, "बघितलंस?" एवढेच. त्याने ओरडायला हवे होते असे वाटले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून मी तसाच चाचांकडे गेलो. त्यांनी फोमचा तुकडा हातात घेतला, मुठीत दाबला, सोडला आणि विचारले, "कोना माटे?" आईसाठी, म्हटले. ऑपरेशनचे सांगितले. ते म्हणाले, "पहेलां केम नी कीधुं? बेसवानी वस्तु बेसीने ज जोवाय." बसायची वस्तू बसूनच पाहायची असते. आणि शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतः आमच्या घरी आले, स्कूटरवर फोमच्या तुकड्यांचे गाठोडे बांधून.

त्यांनी आईला ओट्यावर उभे केले आणि आधी फक्त माप घेतले. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत, चप्पल घालून, सोळा इंच. मग एक फळी विटांवर ठेवली, वर फोमचे तुकडे रचले आणि आईला बसवले. बसल्यावर पुन्हा माप घेतले, जमिनीपासून मांडीच्या खालच्या बाजूपर्यंत. इथे माझा डोळा उघडला. मी सीटची उंची मोजली होती ती रिकाम्या सीटची. माणूस बसल्यावर फोम दबतो, आणि खरी उंची ती दबलेली. माझी चार इंची सीट रिकामी असताना अठरा इंच होती आणि आई बसल्यावर साडेतेरा. चाचांनी तुकडे बदलत बदलत आई बसलेली असताना साडेसतरा इंच होईल असे जमवले. म्हणजे गुडघ्यापेक्षा खुबा थोडा वर. उंची वाढल्याने पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली फळी.

प्रत्येक वेळी ते आईला विचारायचे, "माजी, केवुं लागे?" आणि आई तिच्या अहिराणी-गुजरातीत उत्तर द्यायची. दोघांची भाषा अर्धी अर्धी, पण काम पूर्ण चालले होते.

त्या संध्याकाळी जे शिकलो ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे. दुकानात ३२, ४० असे आकडे सांगतात ते हेच. कमी डेन्सिटीचा फोम स्वस्त आणि बसताना मऊ वाटतो, पण वर्षा-दोन वर्षांत बसतो, म्हणजे चेपला जाऊन परत फुगत नाही. डेन्सिटी आणि टणकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून नुसता आकडा ऐकून घेऊ नये, मुठीत दाबून बघावे. आमच्या सीटला तीन थर झाले. तळाला एक इंच रिबाँडेड, म्हणजे फोमच्या कातरणांचा दाबून केलेला, विटेसारखा घट्ट फोम. त्यावर ४० चा टणक थर. आणि सगळ्यात वर फक्त एक इंच मऊ, अंगाला बरे वाटावे एवढाच. वजन खालचे थर उचलतात, वरचा फक्त टोचू देत नाही. स्प्रिंगा आणि फोमच्या मध्ये जाड गोणपाट हवेच, नाहीतर तार फोमला आतून कापत जाते.

पुढची कड गोल हवी. सरळ कापलेली कड मांडीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात. सीटची खोलीही महत्त्वाची. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. आमच्या जुन्या सीटची खोली आईला जास्त होती, म्हणून ती कायम पाठ न टेकता पुढे सरकून बसायची. चाचांनी पाठीच्या गादीला दीड इंच जाडी वाढवली आणि आई तीस वर्षांत पहिल्यांदा त्या सीटला पाठ टेकून बसली.

कापडावरून मात्र आमचे भांडण झाले. कापडाच्या शहरात राहून सीटला कापड मिळेना. आमच्या पेढीतला माल साडीचा, पातळ, सळसळता. त्याला घासणे सोसत नाही. सीटला लागते ते जाड, घट्ट विणीचे, मागे आधाराचा थर असलेले कापड. आज आपण रेक्झिन म्हणतो ते कापडावर पीव्हीसीचा थर दिलेले असते. नाव मात्र इंग्लंडमधल्या एका जुन्या कंपनीचे. रेक्झिन पुसता येते, पण उन्हात तापते आणि घाम धरते. शेवटी बसायच्या भागाला विणलेले कापड आणि बाजूंना रेक्झिन असा मेळ घातला. रंग आईने निवडला, मेंदीचा.

शिवण चाचांच्या मशीनवर झाली. घरच्या मशीनची सुई रेक्झिनच्या तीन पदरांत मोडते, मी मोडून पाहिली आहे. धागा पॉलिएस्टरचा, कारण सुती धागा घामाने आणि ओलीने कुजतो. टाका मोठा हवा. बारीक टाक्यांनी रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोके पडतात आणि तिथूनच ते फाटते. कव्हर चढवायच्या दिवशी ते दोन तास उन्हात टाकले. गरम झाले की ताणले जाते, थंड झाले की घट्ट बसते. जुलैत सुरतेत ऊन मिळायला तीन दिवस वाट पाहावी लागली, ते वेगळे.

सीटची चौकट, पाय, जागा काहीच बदलले नाही. आरसीवर लिहिलेल्या आसनांची संख्या किंवा मांडणी मनाने बदलता येत नाही, त्यासाठी आरटीओची परवानगी लागते. गादी नवी, सीट तीच. बोल्ट मात्र चारही नवे, चांगल्या प्रतीचे, आणि ग्रीस लावून बसवले.

सगळे मिळून खर्च आठ हजारांच्या आत आला, त्यात माझ्या वाया गेलेल्या फोमचे चौदाशे धरून. चाचांनी घरी येण्याचे पैसे घेतले नाहीत. आईने त्यांना कळण्याचे पीठ बांधून दिले आणि भाकरी कशी करायची ते दहा मिनिटे समजावले.

२ ऑगस्टच्या शनिवारी पहाटे पाच वाजता निघालो. आई मधल्या सीटवर, दाराजवळ. शेजारी वहिनी आणि पुतणी. दादा त्याची गाडी घेऊन मागून येत होता. "तुमची बंद पडली तर उचलायला," असे म्हणून. बारडोली गेली. व्यारा गेले. मी दर पाच मिनिटांनी आरशात आईचा चेहरा बघत होतो. सोनगढजवळ थांबलो तेव्हा ती एका हाताने दाराची दांडी धरून, पाटावर पाय ठेवून, स्वतः उतरली. कुणाला हात लावू दिला नाही. दादा मागच्या गाडीतून उतरून धावत आला होता, तो तसाच उभा राहिला.

नवापूरला पुतणीच्या हट्टाखातर स्टेशनवर गेलो. ते स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. राज्ये १ मे १९६० ला वेगळी झाली, स्टेशन त्याआधीचे, सीमा मधूनच गेली. फलाटावर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्यात. पुतणी बरोबर मधोमध बसली आणि फोटो काढून घेतला. मी आईला म्हटले, तूही बस. आईने बाकाकडे पाहिले, मग आपल्या गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नको, तो खाले शे." दोन महिन्यांत तिलाही उंची मोजायची सवय लागली होती.

विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट. घाटात गाडी तापेल असे वाटत होते, पण तिने लाज राखली. साडेअकराला गावात होतो. वहिन्या दारात उभ्या होत्या. पण रविवारी संध्याकाळी खरी अडचण आली. जागरणाला सगळ्या बायका जमिनीवर, सतरंजीवर बसतात. आईला जमिनीवर बसणे जमणार नव्हते. घरात एक प्लॅस्टिकची खुर्ची, ती मागे कलणारी आणि खोल. पलंग फार उंच. आई म्हणाली, मी आतल्या खोलीत पडून ऐकते, तुम्ही म्हणा.

दादा उठला, बाहेर गेला. जरा वेळाने माझ्या नावाने हाक आली, "पाना कुठे ठेवलास?"

बोल्ट नवे होते, ग्रीस लावलेले होते. पाच मिनिटांत सुटले. आम्ही दोघांनी मधली सीट उचलून ओसरीत आणली, कानबाईच्या चौरंगासमोर, भिंतीला टेकून ठेवली. मेंदी रंगाची सीट, बाजूला रेक्झिनची पाइपिंग. सगळे हसले. काकू म्हणाल्या, "कानबाईनी गाडी उनी वाटतं!" आई बसली. तिच्या एका बाजूला काकू आणि दुसऱ्या बाजूला थोरली चुलत वहिनी, कारण सीट तिघांची होती. मग गाणी सुरू झाली. मी अकरानंतर झोपलो. पहाटे तीनला जाग आली तेव्हाही आईचा आवाज चालू होता. पुतणी तिच्या पायाशी बसून वहीत काहीतरी लिहून घेत होती. सकाळी पाहिले तर अकरा गाणी होती. अहिराणी शब्द तिने ऐकू आले तसे लिहिलेत, चुका पुष्कळ आहेत. आता दर शनिवारी आजी त्या दुरुस्त करते.

परत येताना दादा म्हणाला, मी चालवतो. त्याची गाडी मी घेतली. सोनगढला चहाला थांबलो तेव्हा त्याने विचारले, "मागची सीट पण तशीच असेल ना आतून? रेलच्या मातीची?"

असणारच, म्हटले.

भंगाराचा विषय त्यानंतर निघाला नाही. पण निघणारच नाही असेही मी म्हणत नाही. गाडी जुनी आहे, २०२९ मध्ये पुन्हा आरटीओ आहे, आणि आईही आता सत्तरीची आहे. मात्र या मे महिन्यात मागच्या सीटचे बोल्ट सोडवायला दादा स्वतः आला होता. चारपैकी तीन कापावे लागले. काथ्या झटकला तेव्हा त्याने खाली वर्तमानपत्र पसरले आणि सगळी माती गोळा करून, न विचारता, तुळशीत नेऊन टाकली.